उसना होकार

आमचा पाडा पेठच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाला चिकटून आहे. वीसेक घरं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली. आधी हात जाईल एवढी होती. दिवाळीपर्यंत तिच्यात एक करडू पडलं आणि ओरडून ओरडून मेलं, कुणाला काढता आलं नाही. तेव्हापासून एकच प्रश्न होता. पाडा उठवून खालच्या माळावर न्यायचा की नाही.

माळ द्यायला सरकार तयार होतं. तहसीलचे साहेब म्हणाले, संक्रांतीच्या आत सगळ्यांनी मिळून एक काय ते कळवा. पण सगळे असतात कुठे? भात आणि नागली घरात आली की निम्मा पाडा कामाला बाहेर पडतो, तो होळीला परत येतो. होळीपर्यंत थांबलं तर पावसाच्या आत घरं उभी राहत नाहीत. म्हणून जिथे जिथे आमची माणसं आहेत तिथे जाऊन विचारणं आलं. ते काम मी केलं. ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि आमच्या पोरांसाठीही, कारण त्यांनाही हे आता नीट माहीत नाही. मी चौथी शिकले. शुद्धलेखन तन्वीने तपासलं. मजकुराला हात लावू दिला नाही.

तन्वी कोण ते सांगते. नाशिकच्या एका कॉलेजातली काही माणसं आमचा डोंगर तपासायला येत होती. एक मातीचे सर, एक पाण्याच्या मॅडम, आणि ही तन्वी, कॉम्प्युटरची. हिने डोंगरावर पाच डबे बसवले होते. मी फिरायला निघते आहे हे कळल्यावर म्हणाली, आजी, मला बरोबर न्या. मी म्हटलं, चालशील का? ती म्हणाली, चालेन. चालली.

आमच्याकडे शब्द कसा फिरतो

पाड्याचं काही मोठं ठरवायचं असेल तर घरटी एक शब्द. हो किंवा नाही. एक जरी 'नाही' आला तरी ते काम होत नाही. शब्द घेणारा पायी जातो, समोर बसतो, आणि दुसऱ्या घरचा एक माणूस ऐकायला बसवतो. फोनवर घेत नाहीत. फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी कोण बसलं आहे ते दिसत नाही.

शब्द दोनदा फिरतो. पहिल्यांदा विचारायला, दुसऱ्यांदा सांगायला की सगळ्यांचं काय झालं. दुसरी फेरी होत नाही तोवर कुणाचा हो कुणाला बांधत नाही. शब्द घेणाऱ्याने आपला शब्द सर्वांत शेवटी द्यायचा. ह्या वेळी माझं नाव निघालं, कारण माझ्या घरात मी एकटी. नवरा गेला, मूल नाही. मला शिकवून पाठवणारं कुणी नाही.

पाड्यावरच्यांचे शब्द आधी घेतले. वाघदेवाच्या दगडापाशी सगळे जमले. आमचा कारभारी किसन उभा राहून म्हणाला, "निफाडवाले तयार हायेत बरं का. फोनवर बोललोय मी." मग एकेकाने हो म्हटलं. सगळ्यांत वरच्या घरात माझा दीर भिवा राहतो, तोही हो म्हणाला. म्हणाला आणि पायाखालची माती उकरत बसला. मी पाहिलं, पण आमच्यात शब्द विचारतात, कारण विचारत नाहीत. कारण विचारलं की कुणाचं कारण मोठं ह्यावर भांडण लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी फडक्यात बांधली.

एसटीत तन्वीने डब्यांचं सांगितलं. डबा पाऊस मोजतो, जमिनीतली ओल मोजतो, जमीन हलली तर तेही मोजतो. पण एकट्या डब्याचं ऐकायचं नाही. कधी माकड त्याला हलवतं, कधी बॅटरी संपते. म्हणून डबे आपसात बोलतात. निम्म्याहून जास्त डबे एक झाले तरच खाली भोंगा वाजतो.

"आणि एखादा बोललाच नाही तर?"

"तेच अवघड आहे, आजी. तो मेलाय की नुसता उशीर करतोय, हे बाकीच्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येकाने थोड्या थोड्या वेळाने 'मी आहे' एवढं सांगायचं. नाही आलं तर वाट पाहायची, मग मेला असं धरायचं."

"वाट किती पाहायची?"

"ह्या एका प्रश्नावर लोक आयुष्य घालवतात."

मी म्हटलं, घालवतात खरं. तिला वाटलं मी डब्यांविषयी बोलते आहे.

मग तिने विचारलं, शब्द दोनदा का फिरवता? मी म्हटलं, "मी हो म्हटलं, घराची कौलं काढली, आणि मग कळलं की बाकीचे नाही म्हणाले. तर मी निजू कुठे?" ती सीटवर सरळ बसली आणि म्हणाली, त्यांच्या मशीनमध्येही अगदी हेच करतात, फक्त हे त्यांना फार उशिरा सुचलं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. ज्याला घर मोडायचं असतं त्याला लवकर सुचतं.

निफाड

निफाडची थंडी आमच्यापेक्षा वाईट. आमच्याकडे डोंगर वारा अडवतो, इथे सगळं सपाट. रात्र स्टँडवर काढून आम्ही दुसऱ्या पहाटे द्राक्षबागेत पोचलो तेव्हा ओळींच्या मध्ये जागोजागी शेकोट्या धुमसत होत्या. माणसांना नाही, द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून. आमची माणसं बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्यांत, त्यांची शेकोटी एकच आणि लहान.

तिथे आमच्या पाड्याची सहा घरं आहेत. त्यांची पुढारीण गंगू, मोठ्या तोंडाची बाई. नवरा संतू शेजारी उभा असला तरी बोलते तीच. बायका हातात बारीक कात्र्या घेऊन घडातले लहान मणी कापून टाकत होत्या. राहिलेले मोठे व्हावेत म्हणून. मी म्हटलं, पोटात जाण्यासारखं खाली टाकता. गंगू म्हणाली, "आंबट हाय म्हातारे, खाऊन बघ. दातच पडतील. हायेत का अजून?"

मालकिणीने आम्हाला चहा दिला. आमचे कप वेगळे होते. मी पाहिलं, तन्वीनेही पाहिलं. ती बोलायला लागली तशी मी तिच्या पायावर पाय ठेवला. आमच्या माणसांना तिथे होळीपर्यंत राहायचं होतं. चहा चांगला होता.

दुपारच्या सुट्टीत शब्द घेतले. सहाही हो. गंगूने बाजरीची भाकरी दिली. बाजरी गोड लागते, पण नागलीसारखी पोटात टिकत नाही. मी खात होते, तेवढ्यात तन्वीने विचारलं, "मावशी, तुम्ही हो का म्हणालात?"

मी तिला दटावलं. पण गंगूला राग आला नाही, ती हसली. "का म्हंजे? पाड्यावर समदे हो म्हनले ना! किसननं फोन केला हुता. समदं गाव खाली चाललं नि आपून काय वर भुतांसंगं राहायचं?"

माझा घास तोंडात राहिला. वाघदेवापाशी किसन काय म्हणाला होता ते मला ऐकू येत होतं. निफाडवाले तयार हायेत.

मी विचारलं, "किसनचा फोन आला तो आम्ही पाड्यावर बसलो त्याच्या आधी की नंतर?"

गंगूने संतूकडे पाहिलं. संतू म्हणाला, "आदी. मीच म्हनलं त्याला, तुमी जाताय तर आमीबी येतो."

"आणि तो काय म्हणाला?"

"तो म्हनला, तुमी येताय तर आमीबी जातो."

दोघांनाही ह्यात काही वावगं दिसलं नाही. गंगू भाकरी थापायला परत गेली.

सिन्नर

काळ्या-पिवळ्या जीपमधून सिन्नरला गेलो. वाटेत तन्वीने ओकारी केली. गंगूने दिलेले आंबट मणी तिने ओंजळभर खाल्ले होते. जीपवाला चिडला. मी म्हटलं, माती टाक वर आणि चल, तुझी गाडी काही देऊळ नाही. त्याने माती टाकली.

सिन्नरच्या कारखान्यांच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची चाळ आहे. तिथे माझ्या भावाचा मुलगा रामदास राहतो, आणि आमची आणखी दोन घरं. खोलीत टीव्ही, गॅस, खुर्ची. रामदासच्या बायकोने चपात्या आणि कोंबडी केली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी आणि मग गप्प बसणं, पाहुणा बोलेपर्यंत. इथे टीव्ही चालूच राहतो आणि सगळे त्याच्यावरून बोलतात.

रामदास म्हणाला, "आत्या, उगाच हेलपाटा घातला. आमचा हो मी कवाच कळवला."

"कुणाला?"

"संतूला. निफाडवाले आणि पाडा, दोन्ही तयार म्हटल्यावर आमचं काय राहिलं?"

मी साठ वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "ते राहू दे. तू का हो म्हणालास?"

"आत्या, तू वकील झालीस काय?"

"सांग."

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "मला तिकडं परत यायचंच नाय. घर वर ऱ्हायलं काय नि खाली ऱ्हायलं काय. मी हो म्हनलं कारन नाय म्हनलो असतो तर तुमी समदे मला समजवायला इथं येऊन बसला असता."

त्याची बायको उठून बाहेर गेली. तिला हे माहीत नव्हतं असं दिसलं. मला मात्र त्याचा राग आला नाही. निघाल्यापासून ऐकलेलं हे पहिलं स्वतःचं बोलणं होतं.

सिन्नरच्या स्टँडवर भजी घेतली. तन्वी खात नव्हती. तिने मांडीवर कॉम्प्युटर उघडला होता आणि ती त्यात बोट फिरवत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आजी, माझ्या डब्यांनीही हेच केलंय."

दिवाळीत तिच्या डब्यांनी कौल दिला होता की जमीन हलते आहे. पाचांपैकी चार डबे एक झाले होते. आता तिने प्रत्येकाचं आतलं बोलणं काढून पाहिलं. दोन डब्यांची हलणं मोजायची सुई बंद पडली होती. स्वतःला काही कळलं नाही तर शेजाऱ्याचा आकडा घे, असं तिनेच त्यांना शिकवून ठेवलं होतं. त्यांनी घेतला. दुसऱ्याचा घेतलेला आकडा त्यांनी आपला म्हणून सांगितला.

"म्हणजे बोलत होते किती?"

"दोन. चार नाही."

"मग भेग खोटी आहे का?"

"भेग खरी आहे. ती वाढणार का, ते आता मला माहीत नाही. कालपर्यंत माहीत होतं."

तिचा चेहरा उतरला होता. मी तिच्यापुढे भजी सरकवली आणि म्हटलं, खा, उपाशी राहून डबे सुधारत नाहीत.

माझ्याही मनात तेच चाललं होतं. पाडा उठला आणि डोंगर जागेवर राहिला, तर म्हातारी माणसं माळाच्या उन्हात उगाच मरतील. पाडा राहिला आणि डोंगर आला, तर सगळेच मरतील. दोन्हीसाठी माझ्या पदरात नुसते हो होते, आणि प्रत्येक हो दुसऱ्या कुणाकडून उसना आणलेला.

देवळाली कॅम्प

कॅम्पातले रस्ते स्वच्छ आणि झाडांना चुना लावलेला. तिथे आमची जनी एका साहेबांच्या घरी स्वयंपाक करते. तरुण वयात विधवा झाली. पाड्यावर तिचं घर भिवाच्या घराला लागून, थोडं खाली. इथे बंगल्याच्या मागच्या बाजूच्या एका खोलीत ती राहते.

आम्ही बसलो आणि तोफा सुरू झाल्या. तिथे फौजेचा सराव चालतो. लांबून आवाज येतो, मग जमीन थोडी थरथरते, आणि फळीवरची भांडी वाजतात. तन्वी दचकली. जनी हसली नाही. ती उठली आणि एक डबा दुसऱ्यापासून बाजूला करून ठेवला.

जनीने हो म्हटलं. समोरच्या बंगल्यात काम करणारी एक सातारची बाई ऐकायला बसवली होती, कारण दुसऱ्या घरचं आमचं कुणी तिथे नव्हतं. त्या बाईला हे सगळं फार मजेशीर वाटत होतं.

मी विचारलं, "जने, सिन्नरवाल्यांनी काय म्हटलं ते मला नको. निफाडवाल्यांचंही नको. कुणाचं नाव न घेता सांग."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "काकू, हसू नका. मी इथं पहिल्यांदा आले आन् तोफा झाल्या, तवा मी बाहेर पळाले. बाई म्हनल्या, काय झालं गं? मी म्हनलं, डोंगर आला."

"का?"

"गेल्या पावसात माझी भांडी अशीच वाजायची. दोन-चार येळा. आन् घरामागचा झरा हाय ना, त्याला आदी गढूळ पानी आलं, मग तो आटला. भर पावसात आटला."

"कुणाला बोलली नाहीस?"

"कुनी इचारलं? माझ्याच घरात काय तरी हाय, असं वाटलं. बिनपुरुषाचं घर. आधीच लोक काय काय बोलतात." मग तिने फळीकडे पाहिलं. "हितं तोफ तरी हाय, काकू. तिथं तोफ नव्हती."

परत एकदा भांडी वाजली. सातारची बाई आता मजेत नव्हती.

नाशिक

तन्वीने मला तिच्या कॉलेजात नेलं. आधी मिसळ खायला घातली. नाशिकचे लोक सकाळी सकाळी एवढं तिखट खातात आणि वर पाव कमी पडला म्हणून ओरडतात. माझे डोळे वाहायला लागले तेव्हा तन्वीला वाटलं मी रडते आहे. मी म्हटलं, रडायचं असेल तर मिसळीचे पैसे कशाला घालवू?

मातीचे सर उंच, हळू बोलणारे. पाण्याच्या मॅडम ठेंगण्या आणि झटपट. दोघांच्या आणि तन्वीच्या सह्यांचा कागद तहसीलच्या साहेबांकडे गेला होता. त्यात लिहिलं होतं की तिन्ही शास्त्रांचं एकमत आहे, पाड्याला धोका आहे.

तन्वीने आधी स्वतःच्या डब्यांचं सांगितलं, काही न लपवता. मग विचारलं, "सर, तुम्ही धोका आहे असं कशावरून धरलं?"

सर म्हणाले, "माती मध्यम आहे. नुसत्या मातीवरून मी एवढं ठाम म्हटलं नसतं. पण मॅडमच्या हिशोबाने पाणी आत साठतंय, म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "अहो, मी पाणी साठतंय असं लिहिलं ते तुमची माती सैल आहे असं धरून!"

दोघांनी तन्वीकडे पाहिलं. तन्वी म्हणाली, "आणि माझे डबे किती हललं तर भोंगा द्यायचा, ते मी तुमच्या दोघांच्या कागदावरून ठरवलं."

खोलीत पंखा फिरत होता, थंडी असून. कुणी बंद करायला उठलं नाही.

ही माणसं आळशी नाहीत हे मला सांगितलं पाहिजे. आमच्या डोंगरावर ती पायी चढली होती, सरांच्या पायात काटा मोडला होता तरी. पण सर पाण्यातलं जाणत नाहीत, मॅडम मातीतलं जाणत नाहीत, म्हणून जिथे आपलं संपलं तिथे प्रत्येकाने दुसऱ्यावर भार टाकला. किसनने आणि संतूने तेच केलं होतं.

मी जनीची भांडी आणि झरा सांगितला. मॅडम झऱ्याविषयी पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. सर म्हणाले, "आजी, भांडी वाजली हे मला कागदात लिहिता येणार नाही."

"लिहू नका."

"पण यायला काही अडत नाही," ते म्हणाले. "ह्या वेळी प्रत्येक जण आपापलं बघू. एकमेकांचे कागद घरी ठेवून."

पुन्हा पाडा

ते आले. सरांनी भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्या आणि कुलपाच्या पेटीतल्या टेपाने मोजत राहिले. मॅडमने झऱ्याच्या जागी नळी खाली सोडली. तन्वीने डब्यांच्या सुया बदलल्या आणि शेजाऱ्याचा आकडा घ्यायची शिकवण काढून टाकली. आता ज्याला कळत नाही तो डबा 'मला कळत नाही' असं सांगतो. तन्वी म्हणाली, हे पाहायला वाईट दिसतं. मी म्हटलं, दिसू दे.

संक्रांत जवळ आली तेव्हा मी पुन्हा सगळ्यांना वाघदेवापाशी बसवलं. निफाडहून गंगू तिथल्या सहा घरांचं ज्याचं त्याचं म्हणणं ऐकून आली, सिन्नरहून रामदास तीन घरांचं. जनी रजा काढून आली. किसन माझ्यावर नाराज होता. "एकदा झालेला शब्द परत इचारायचा म्हंजे पाड्याची लाज काढली तू."

"तुझा शब्द संतूचा होता, संतूचा तुझा होता. पाड्याचा कुठे होता?"

"मग आता काय, ज्याला त्याला भाषण करायला लावनार?"

"भाषण नको. दुसऱ्याचं नाव न घेता एक गोष्ट. नसेल तर नसल्याचं सांगा."

मातीचे सर आधी बोलले. खुंट्या पाऊस नसतानाही एकमेकींपासून दूर गेल्या होत्या. "पाण्याचं मी बोलत नाही. मातीवरून सांगतो, जा." मॅडमचंही तसंच. "मातीचं मला माहीत नाही. झऱ्याचं पाणी आत वळलंय. जा." तन्वी म्हणाली, "दोन डबे हलतंय म्हणतात, दोन नाही म्हणतात. एकाला कळत नाही. मी काहीच सांगू शकत नाही."

मग घरं. एकाचं दार पावसापासून लागत नाही, त्याला वाटलं होतं लाकूड फुगलं. एकीच्या ओट्याला तडा. जनीने भांड्यांचं सांगितलं, ह्या वेळी सगळ्यांसमोर, आणि कुणी वाकडं बोललं नाही. रामदास म्हणाला, "मला परत यायचं नाय, म्हनून माझा शब्द मोजू नका." किसन शेवटी म्हणाला की त्याच्या घराला काहीच झालेलं नाही, पण त्याला झोप लागत नाही. तेही घेतलं.

राहिला भिवा.

भिवा म्हणाला, "नाय."

किसन ओरडला, "मागच्या टायमाला हो म्हनला होतास!"

"मागच्या टायमाला कुनी इचारलं नव्हतं." मग तो माझ्याकडे पाहून बोलला. "वहिनी, लक्षमन गेला तवा हीच कौलाची घरं होती. तो आला तर ह्याच घराला येईल. त्याला माळ ठाऊक नाय."

लक्ष्मण त्याचा मुलगा. गुजरातेत कामाला गेला तो परत आला नाही, निरोप नाही, फोन नाही. बरीच वर्षं झाली. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही. आहे म्हणावं तर कुणी ऐकलं नाही. तन्वीने मान खाली घातली. एसटीत मी 'घालवतात खरं' का म्हटलं होतं ते तिला आता कळलं असावं.

एक 'नाही' आला की काम होत नाही, ही आमची रीत. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण माझा शब्द शेवटचा.

मी म्हटलं, "माझी चूल कलली आहे. खाली दगडाची चीप घातली, पुन्हा कलली. माझा हो. आणि भिवाचा नाही तसाच राहू दे. त्याला कुणी समजावायचं नाही. पाडा खाली जाईल, भिवा वर राहील, साहेबाला असंच सांगायचं."

"एक नाय असताना?" किसन म्हणाला. "असं कधी झालं नाय."

"सगळे हो खोटे, असंही कधी झालं नव्हतं. परवा झालं."

मग मी दुसऱ्या फेरीला निघाले. निफाड, सिन्नर, आणि जनीने ऐकलं होतं तरी रीत म्हणून कॅम्प. ह्या वेळी सांगायला. त्या प्रवासाचं लिहीत नाही. तीच एसटी, तीच थंडी, आणि तन्वी नव्हती.

पाऊस लागायच्या आत माळावर घरं झाली. कुडाच्या भिंती, वर पत्रे. पाणी लांब पडतं, झाड नाही. लोक मला शिव्या देतात, त्या मी ऐकून घेते. डोंगर अजून उभा आहे. भेग मोठी झाली आहे, पण डोंगर आलेला नाही. येईल की नाही ते मला माहीत नाही.

भिवा वर एकटा राहिला. रोज सकाळी त्याच्या घराचा धूर माळावरून दिसायचा. मी दात घासता घासता तो धूर पाहायची. दिसला की कामाला लागायची.

श्रावणात एके सकाळी धूर दिसला नाही. पाऊस लागून राहिला होता, डोंगर ढगात. मी थोडं थांबले. पुन्हा पाहिलं. किती थांबायचं ह्यावर लोक आयुष्य घालवतात म्हणे. मी काठी घेतली आणि वर गेले.

वाटेत आमची जुनी घरं लागली. कौलं काढलेली, आत गवत. जनीच्या घरामागच्या झऱ्याच्या जागी जमीन खचली होती. भिवाचं दार उघडं होतं. तो चुलीपुढे बसला होता, फुंकणी हातात.

"काय वहिनी, मेलो का बघायला आलीस?"

"हो."

"लाकडं वली हायेत."

मी बसले. चुलीतून नुसता ओला वास येत होता. बाहेर वरच्या अंगाला कुठेतरी एक दगड सुटला आणि गडगडत गेला. आम्ही दोघांनी तो थांबेपर्यंत ऐकला.

"पेठकडून येणाऱ्याला आधी माळ लागतो," मी म्हटलं. "वाट माळावरूनच वर येते. तो आला तर आधी आमच्याच दारात येईल."

भिवाने चुलीत एकदा फुंकून पाहिलं. मग उठला, घोंगडी घेतली, फुंकणी घेतली. दाराला कडी लावली नाही. उघडंच ठेवलं.

माझ्या घरी चूल पेटलेली होती. मी नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण त्याच्यापुढे ठेवलं. तो ताटाकडे पाहत बसला.

"मी हो म्हनलेलं नाय, वहिनी."

"नको म्हणूस," मी म्हटलं. "जेव."